जूनचा पैसा कोणाचा?

(कोरडवाहू भागातील शेतकरी कार्यकर्त्यांच्या अभ्यासदौऱ्यात वसई तालुक्यातील निर्मळ येथे केलेले भाषण. जिल्हा बैठकीत वाचनासाठी शब्दांकन करून देत आहोत.)



काल सकाळपासून आपण या वाड्या पाहत हिंडतो आहोत. निर्मळचे तळे पाहिले, काठावरचे शंकराचार्यांचे समाधिमंदिर पाहिले, होली क्रॉसचे चर्च पाहिले. कार्तिकात इथे मोठी जत्रा भरते. केळी, पानवेली, भाजीचे वाफे, फुलांची झाडे पाहिली. आणि काल संध्याकाळी आपल्यापैकी एकजण जे बोलला ते सगळ्यांच्याच मनात होते. तो म्हणाला, "पाणी असतं तर आम्हीबी केलं असतं. यात शिकण्यासारखं काय हाय?"

त्याचे खरे आहे. ज्या जमिनीत थोडे खणले की पाणी लागते, जिथे घराघराजवळ बावखळे होती, बैलांच्या रहाटाने वाडी भिजत होती, आणि रेल्वेने काही तासांत भाजी मुंबईच्या बाजारात पोचत होती, त्या गावाकडे पाहून यवतमाळ-अकोल्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याने केळी लावायला जाऊ नये. त्यासाठी आपण इतका प्रवास केलेला नाही. आपण आलो ते एक गोष्ट पाहायला. पाणी असून, मुंबईसारखा बाजार उशाला असूनही इथला शेतकरी एके काळी सावकाराच्या वहीत होता. पाण्याने आणि बाजाराने कर्ज फिटले असते तर तो त्या वहीत शिरलाच नसता. मग तो बाहेर कसा आला, आणि त्यातले आपल्या उपयोगाचे किती, हा आजचा विषय.

त्याआधी एक गोष्ट स्वच्छ करतो, नाहीतर बैठक संपल्यावर कोणीतरी म्हणेल की आमचे पुढारीसुद्धा आता शेतकऱ्याला काटकसरीचे धडे द्यायला लागले. शेतकरी उधळ्या आहे म्हणून कर्जबाजारी आहे, हे मी मानत नाही. लग्नात बँड लावला म्हणून कर्ज झाले, हे सांगणाऱ्यांनी कापसाच्या एका एकराचा ताळेबंद कधी मांडलेला नसतो. १९९०च्या दशकात खुद्द केंद्र सरकारने जागतिक व्यापार वाटाघाटींत जे आकडे दिले, त्यांत १९८६ ते १९८८ या काळात भारतातल्या शेतीमालाला मिळालेला आधार उणे निघाला. म्हणजे सरकारने शेतकऱ्याला दिले त्याहून जास्त काढून घेतले. हे तेव्हा शरद जोशी गावोगाव सांगत होते, सरकारने ते स्वतःच्या कागदावर लिहून दिले. तेव्हा भावाची लढाई, निर्यातबंदीविरुद्धची लढाई, कर्जमुक्तीची लढाई या आपल्या जागी आहेत आणि राहतील.

पण एक प्रश्न विचारतो. उद्या कापसाला रास्त भाव मिळाला, तर तो कोणाच्या घरात जाईल? ज्याचा कापूस जूनमध्येच दुसऱ्याचा झालेला आहे, त्याच्या घरात तो येणार नाही. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद झाला, आणि आपल्याकडे कापसाचा भाव असा चढला की तशी तेजी कोणी पाहिली नव्हती. सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळला, तेजीत वाटलेली कर्जे मात्र तशीच राहिली. त्यात सरकारने सारा वाढवला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले ते त्यांची खतपत्रे हिसकावून जाळायला. माणसे मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता, हे चौकशी करणाऱ्या इंग्रजांनीही नोंदवले. १८७९ साली डेक्कनचा शेतकरी संरक्षण कायदा झाला. कायद्याने थोडा आळा बसला. पण पुढच्या जूनला बियाण्याला पैसा लागला तेव्हा शेतकरी पुन्हा त्याच ओट्यावर जाऊन बसला, कारण दुसरा ओटाच नव्हता.

हा दुसरा ओटा वसईत बांधला गेला. ६ फेब्रुवारी १९१८ रोजी मोन्सिन्योर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी इथल्या कॅथलिक शेतकऱ्यांना सावकारीतून सोडवण्यासाठी सहकारी पतसंस्था काढली. आज तीच बेसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून ओळखली जाते, पापडीला तिचे मुख्य कार्यालय आहे आणि ती शेड्युल्ड बँक आहे. शंभर वर्षांवर ती टिकली. आपल्याकडे सहकारी संस्था तीन निवडणुका टिकली तर सत्कार करावा लागतो.

हे कशाने जमले? १९०४ साली आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तो जर्मनीतल्या रायफायझनच्या नमुन्यावर होता. तिकडे १८६०च्या दशकात त्याने खेड्यातल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या संस्था काढल्या. त्याचे मर्म अगदी साधे होते. संस्था एका गावापुरती किंवा एका चर्चच्या हद्दीपुरती. सगळे एकमेकांना ओळखणारे. कर्जाला जामीन शेजारी. आणि शेजारी जामीन असला की तो विचारणारच, "कशाला घेतोस? कशातून फेडणार?" सावकार हे विचारत नाही. तुम्ही फेडू शकला नाहीत तर त्याला शेत मिळते, त्याला बरेच आहे. सरकारी बँकेचा साहेबही विचारत नाही, त्याला उद्दिष्ट पुरे करायचे असते. विचारतो तो फक्त ज्याचे स्वतःचे काही जाणार असते तो. वसईला गाव, धर्म आणि संस्था यांची वीण एकच होती, म्हणून हे विचारणे जमले. आपल्या गावात चार पार्ट्या आणि सात जाती आहेत. तिथे हे जमवणे अवघड आहे, हे मला कळते.

देशभर तर ते जमलेच नाही. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. गोरवाला समितीने ती केली, धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य होते. कायदा होऊन जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती, आणि शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा निघाला ३ टक्क्यांच्या आसपास. सावकारांचा सुमारे ७० टक्के. पुढे सरकारने भांडवल ओतले, गावोगाव सेवा सोसायट्या झाल्या. वाटा वाढला, पण शेजाऱ्याचे विचारणे गेले आणि पुढाऱ्याचे विचारणे आले. नागपूर, वर्धा, बुलढाणा या जिल्हा बँकांचे काय झाले ते तुम्ही भोगले आहे. मी नव्याने सांगत नाही.

आता मुद्द्यावर येतो. वसईच्या वाडीत आणि आपल्या शेतात पाण्याइतकाच मोठा आणखी एक फरक आहे, आणि कर्जाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. इथे पैसा रोज येतो. आज भाजी, उद्या फुले, परवा केळीचा घड, रोजचे दूध. थोडा का होईना, रोज. आपला पैसा वर्षातून एकदा येतो, दिवाळीनंतर. आणि खर्च सुरू होतो जूनला. जून ते नोव्हेंबर-डिसेंबर हे जे सहा-सात महिने आहेत, त्यांत आपल्याकडे फक्त गरज असते, पैसा नसतो. सावकार, कृषी केंद्रवाला, गावात खेडा खरेदी करणारा व्यापारी, आता घरोघर येणाऱ्या मायक्रोफायनान्सच्या कंपन्या, हे सगळे या सहा-सात महिन्यांत राहतात. ही त्यांची वतनदारी आहे. ज्याने जूनचा पैसा दिला, कापूस त्याचा.

किती रुपयांना पडते हे? एक ढोबळ हिशेब मांडू. तुमचे आकडे वेगळे असतील, घरी गेल्यावर तुमचे घाला.

समजा चार एकर कापूस आहे. जूनमध्ये खासगीतून ४०,००० रुपये घेतले, शेकडा ३ रुपये महिना. जानेवारीअखेर आठ महिने झाले. व्याज ९,६०० रुपये. लोक इथेच हिशेब थांबवतात आणि म्हणतात, दहा हजारांत वर्ष निघाले, काय वाईट? पण ज्याने पैसा दिला तो कापूस त्याच्याच काट्यावर मागतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. समजा त्याने ७,३०० ने मोजून घेतला. क्विंटलमागे ८१० रुपये. पंधरा क्विंटल झाला, तर १२,१५० रुपये गेले. काट्यातली कट्टी वेगळी, ती मी धरतच नाही. खत उधारीत घेतले, रोखीपेक्षा पोत्यामागे १०० रुपये जास्त लागले, बारा पोती, १,२०० रुपये. बेरीज करा. २२,९५० रुपये. चाळीस हजारांच्या कर्जावर आठ महिन्यांत तेवीस हजार. यातले वहीत व्याज म्हणून लिहिलेले फक्त ९,६०० आहेत. बाकीचे कुठेच लिहिलेले नाहीत, म्हणून आपल्याला ते गेल्याचे कळतही नाही. आणि तिकडे सरकार सांगते, हमीभाव दिला!

दुसऱ्या बाजूला बँकेचे किंवा सोसायटीचे पीककर्ज पाहा. ३ लाखांपर्यंत ७ टक्के वर्षाला. मुदतीत फेडले तर केंद्राची ३ टक्के सूट. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत २०२१-२२ पासून उरलेलेही माफ, म्हणजे शून्य. हे कर्ज सगळ्यांना मिळत नाही, मिळाले तर पेरणी झाल्यावर मिळते, आणि थकबाकीदार झालात की दार बंद होते. हे सगळे मान्य. पण ज्याला ते मिळते आहे त्याने ते कोणत्याही कारणाने थकू देऊ नये. माफीच्या आशेने थकवणे हा जुगार आहे. १९९०, २००८, २०१७, २०१९ या वर्षांत माफ्या झाल्या. दरवेळी तारीख वेगळी, मर्यादा वेगळी, अटी वेगळ्या. त्या तारखेच्या अलीकडचा सुटला, पलीकडचा अडकला. मधल्या वर्षांत थकबाकीदार म्हणून नवे कर्ज मिळाले नाही, आणि तोच माणूस शेकड्याने काढायला गेला. कर्जमुक्ती आपण एकत्र लढून मागायची आहे. ज्याने त्याने आपल्या घरात बसून ती वाट पाहायची गोष्ट नाही.

आणि ते "नवं-जुनं"! मार्च आला की सोसायटीचे कर्ज भरायला आठ दिवसांसाठी खासगीतून पैसे उचलायचे, भरायचे, नवे कर्ज उचलून त्याचे परत करायचे. कागदावर कर्ज फिटले, सचिव खूष, वसुली शंभर टक्के. आठ दिवसांचे जे मोजावे लागते ते वर्षाच्या दराने काढून पाहा, डोळे फिरतील. मी याला नुसते वाईट म्हणून सोडत नाही, कारण त्यामुळे खाते चालू राहते. पण ते किती वर्षे चालवायचे याला शेवट पाहिजे.

म्हणून कर्जातून निघायचा जो संकल्प आज मी सुचवतो आहे तो फार मोठा नाही. सगळे कर्ज एका वर्षात फेडा, असे मी सांगत नाही. तसे सांगणारा एकतर नोकरदार असतो नाहीतर कीर्तनकार. संकल्प एवढाच, की येत्या हंगामात बियाणे आणि खताचा पहिला हप्ता आपल्या स्वतःच्या रोख पैशाने घ्यायचा. किती लागतो? चार एकरांना बीटी कापसाच्या आठ थैल्या. २०२५ साली सरकारने थैलीचा भाव ९०१ रुपये ठरवला होता, म्हणजे ७,२०८ रुपये. डीएपीची चार पोती १,३५० प्रमाणे, ५,४००. एकूण १२,६०८. हमीभावाने दीड क्विंटलापेक्षा थोडा जास्त कापूस. धरून चला दोन क्विंटल. घरात कापूस आल्यावर पहिले दोन क्विंटल "जूनचा कापूस" म्हणून वेगळे काढायचे. ते विकून येणारा पैसा घरच्या बाईच्या नावाने पोस्टात किंवा बँकेत मुदतीने ठेवायचा, जून उजाडेपर्यंत मोडायचा नाही.

बाईच्या नावाने का, हेही सांगतो. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. पुढे १९९०च्या सुमारास संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, पुरुषांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावावर केला. ज्या घरात बाईच्या हातात काहीतरी आहे त्या घरातला पैसा पारावर जात नाही, हा माझा अनुभव आहे. पुरुषांनी रागावू नये. पण इथे दुसरी बाजूही आहे. गेल्या काही वर्षांत कर्ज काढायला बाईलाच पुढे केले जाते. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज, दुसरीचा भरायला तिसरीचे. आठवड्याच्या बैठकीत गटातल्या बायकांसमोर तिची अब्रू जाते, आणि पैसा लागलेला असतो नवऱ्याच्या फवारणीला. रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०२२ पासूनचा नियम आहे, की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, आणि वसुलीला दमदाटी चालणार नाही. वसुलीवाल्याला हे ऐकवा. ज्या पिकाचे पैसे वर्षातून एकदा येतात, त्या पिकासाठी आठवड्याच्या हप्त्याचे कर्ज काढणे म्हणजे बैलाला मोटरसायकलचे टायर बसवण्यासारखे आहे.

फेड कोणत्या क्रमाने करायची? आपण काय करतो, जो दारात येऊन सगळ्यात मोठ्याने ओरडतो त्याला आधी देतो. ओरडणाऱ्याला नमस्कार करा आणि ज्याचा दर सगळ्यात मोठा त्याला आधी द्या. मात्र पीककर्जाचे खाते त्याच वेळी मुदतीत ठेवायचे, कारण तेच एक स्वस्त दार आहे.

सावकार परवानेधारक आहे की नाही हे आधी विचारा. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ साली झाला. त्याखाली ठरलेले दर असे: शेतकऱ्याला तारण कर्ज वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के. महिन्याला नाही, वर्षाला. चक्रवाढ नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, ते जुने दामदुपट कायद्यात आहेच. आणि कर्जाच्या बदल्यात शेताचे खरेदीखत करून घेतले असेल, पंधरा वर्षांपर्यंतचे, तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. व्यवहार बेकायदा सावकारीचा ठरला तर जमीन परत मिळते. अर्ज केला की लगेच सुटला, असे नाही. चौकशी लांबते, साक्षीदार फिरतात. एकट्याने अर्ज करू नका, बैठकीत आणा, चार जणांनी बरोबर जाऊ.

ज्वारीबद्दल एक बोलतो. आपल्या बापजाद्यांनी कापसाबरोबर ज्वारी ठेवली होती ती भाव चांगला होता म्हणून नव्हे. ज्वारीला भाव कधीच नव्हता. पण घरात ज्वारी असली की दाण्यासाठी सवाईने काढायला लागत नव्हते, आणि कडबा असला की उन्हाळ्यात बैल विकायला लागत नव्हता. कापूस पैसा आणत होता आणि ज्वारी कर्ज अडवत होती. खरीप ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, आता दाणा विकत, कडबा विकत, आणि बैलांऐवजी ट्रॅक्टरचे भाडे रोख. डुकरे आणि पाखरे ज्वारी राहू देत नाहीत, काढायला मजूर मिळत नाही, हे ठाऊक आहे. सगळ्यांनी ज्वारीवर परत जा, असे मी म्हणत नाही. पण एकरी उत्पन्नाचा हिशेब मांडताना ज्वारीच्या खात्यात "न काढलेले कर्ज" हीसुद्धा रक्कम जमा धरा, मग तुलना करा.

निर्मळवाल्यांचे सगळे गोड आहे असे समजून परत जाऊ नका. पंप आले, उपसा वाढला, बऱ्याच विहिरी खाऱ्या झाल्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस इथे हरित वसईची चळवळ उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या पुढे होते. २००९ साली महानगरपालिका आली. सावकाराच्या तावडीतून सुटलेल्या जमिनीवर आज बिल्डरची नजर आहे. म्हणजे संस्था टिकली म्हणून शेती टिकेलच, असे नाही. ती वेगळी लढाई आहे आणि ती ते लढत आहेत.

आपल्यापुरते बोलायचे, तर दहा-पंधरा घरांचा एक गट करून सुरुवात करा. गावभर नको. एकमेकांच्या शब्दाला जामीन राहतील अशीच घरे घ्या, मग ती कोणत्या पार्टीची का असेनात. दर महिन्याला शंभर रुपये गोळा करण्याचा नियम आपल्याकडे चालत नाही, ऑगस्टमध्ये कोणाकडेच शंभर रुपये नसतात. गोळा करायचे ते डिसेंबर-जानेवारीत, कापसाच्या मापावर, आणि वापरायचे जूनमध्ये, एकत्र खत-बियाणे रोखीने आणायला. दहा घरांची शंभर पोती रोखीने मागितली की कृषी केंद्रवाला बसायला खुर्ची देतो. सीसीआयच्या केंद्रावर माल नेताना ओलावा ८ टक्क्यांच्या आत असला तर पूर्ण भाव, १२ च्या वर गेला तर घेत नाहीत. तेव्हा वाळवणे, नोंदणी, गाडीभाडे, हेही गटाने करा.

पुढच्या तालुका बैठकीला येताना प्रत्येकाने चार कागद आणायचे आहेत: सातबारा, सोसायटीचा किंवा बँकेचा खातेउतारा, कृषी केंद्राची गेल्या हंगामाची बिले, आणि एका कोऱ्या कागदावर खासगी देण्यांची यादी, नाव न लिहिता, फक्त रक्कम, दर आणि तारीख. बिल मिळत नसेल तर आजपासून मागायला लागा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेत जाणाऱ्या मुलीला बरोबर आणावे, ती लिहील. यादी घरी दोघांनी मिळून करायची, नवरा-बायकोने. बैठक सकाळी दहाला सुरू होईल, भाकरी ज्याने त्याने बांधून आणायची.